ताणावरची बाग

थंडी पडू लागली, की माझ्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कुणीतरी चहा पिता पिता सहज सांगतं, "बाग ताणावर सोडली बाई." सांगणारा बशी खाली ठेवतो, तोंड पुसतो आणि कापसाच्या भावाकडे वळतो. मी मात्र त्या शब्दापाशी अडून बसते. इतकी वर्षं अमरावतीत काढली, कितीतरी मुलींना शिकवलं, प्रवचनं तर विचारू नका किती ऐकली. पण श्रद्धेबद्दल मला जे थोडंफार कळलं, ते त्या एका शब्दाच्या आसपासच कुठंतरी कळलं असं मला वाटतं.

ज्यांनी संत्र्याची बाग पाहिलेली नाही त्यांना सांगते. संत्र्याचं झाड भारी लाडावलेलं असतं. पाणी मिळत राहिलं, तर ते नुसती पानं काढत बसतं, फुलायचं नाव घेत नाही. म्हणून फळं उतरवून झाली की त्याचं पाणी तोडायचं; यालाच ताण देणं म्हणतात. बुंध्याभोवतीची माती ओढून मुळांना जरा ऊन दाखवायचं. हळूहळू पानं मलूल होतात, त्यांच्या कडा आत वळतात, काही पिवळी पडून गळतात. बघणाऱ्याला वाटतं बाग गेली. आणि मग माघाच्या सुमारास एके दिवशी मोटेचं पाणी सोडायचं. तहानलेलं झाड ते पाणी पितं आणि थोड्याच दिवसांत पांढऱ्या फुलांनी भरून जातं. याला आमच्याकडे आंबिया बहार म्हणतात. त्या फुलांचा वास रस्त्यावरून जाणाऱ्या बैलगाडीवाल्यालासुद्धा गाडी थांबवायला लावतो.

ही गोष्ट इतकी सोयीची आहे, की तिचं प्रवचन न करणारा ख्रिस्ती माणूस वऱ्हाडात सापडणं कठीण. आमच्या घरांत आशा आणि विश्वास हे शब्द मीठमिरचीसारखे रोजचे. ते लग्नाच्या आशीर्वादात असतात आणि कबरीच्या दगडावरही. कुणाच्या घरी दुःख झालं, की पहिला येणारा माणूस हे दोन शब्द हातात घेऊनच येतो, ओसरीवर ठेवतो आणि मोकळा होऊन जातो. पूर्वी मीही तशीच जात असे. आता जाते तेव्हा भाकरी बांधून नेते आणि शक्यतो गप्प बसते. लोक म्हणतात, सालोमीबाईंचा विश्वास म्हातारपणी थंडावला. म्हणू देत बापडे.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. आमचं घर अकोल्याला. बाबा तिथं शाळेत मास्तर. बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मोठेबाबा, अमरावतीहून मोर्शीकडे जाणाऱ्या वाटेवरच्या एका गावात राहत. त्यांची संत्र्याची बाग होती, आणि गावातल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे ते वडील, म्हणजे निवडलेले पुढारी होते. आमचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, अमरावतीहून महिन्यातून एकदा यायचे, बाकीचे रविवार मोठेबाबा चालवायचे. उंच, हाडकुळा माणूस, आवाज मात्र विहिरीतून आल्यासारखा खोल. त्यांची बायको, माझी मोठी आई, त्यांच्या खांद्याएवढी, गोल, सतत काहीतरी पुटपुटणारी. ती झांज वाजवून गायला लागली, की मोठेबाबांचा आवाज खाली बसायचा. कौंडण्यपूरच्या जत्रेत आमची भजनमंडळी जायची, तेव्हा लोक ख्रिस्ती भजनं ऐकायला थांबत ते मोठ्या आईच्या गळ्यामुळं, मोठेबाबांच्या भाषणामुळं नव्हे. हे मोठेबाबाही कबूल करत. "मी बोललो का लोकं उठतेत, अन् हे गायली का बसतेत," असं ते हसून सांगायचे.

त्यांना एकच मुलगी होती, रूथ. माझ्याहून थोडी मोठी. दोन्ही गालांवर खळ्या, आणि हसू आलं की तोंडावर पदर धरून वाकायची सवय. अमरावतीला मुलींच्या शाळेत ती शिकवत असे. त्या वर्षी पावसाळ्यात ती तापानं फणफणून घरी आली. ताप उतरेना. तिला सारखी तहान लागायची. त्या काळी लोकांची ठाम समजूत होती, की असल्या तापात पाणी दिलं तर रोगी जातो. जो येई तो तेच बजावून जाई. रूथ पाणी मागायची; मोठी आई वाटी घेऊन उठायची; आणि मोठेबाबा तिचा हात धरायचे. त्यांचा जीव लेकीवर कमी होता म्हणून नव्हे, पोरगी वाचावी म्हणूनच धरायचे. रूथ वाचली नाही. पाणी मागतच गेली.

थंडीच्या तोंडाशी बाबांनी मला मोठ्या आईच्या सोबतीला पाठवलं. माझं शिक्षिकेचं शिक्षण नुकतंच संपलं होतं, नोकरी लागायची होती. अकोल्याहून रेल्वेनं बडनेरा, तिथून अमरावती, आणि पुढं मोठेबाबांची दमणी. बैल हाकताना ते सबंध वाटेत बागेबद्दलच बोलले. कोणत्या ओळीला फळ किती लागलं, कोणतं झाड म्हातारं झालं. रूथचं नाव आलं नाही. घरी पोचले, तर मोठ्या आईनं माझे गाल कुरवाळले, आधी ताटात जेवढं मावेल तेवढं वाढलं आणि मग समोर बसून म्हणाली, "खा व माय. तू तरी खा."

घरात सगळं पूर्वीसारखंच चाललं होतं. संध्याकाळी दिवा लागला की मोठेबाबा पवित्र शास्त्र उघडून वाचत, प्रार्थना करत. मोठी आई डोळे मिटून बसे, शेवटी आमेन म्हणे. फक्त गात नसे. कौंडण्यपूरच्या जत्रेलाही ती त्या वर्षी गेली नव्हती. झांज खुंटीला टांगलेली असायची आणि तिच्याकडे कुणी बघायचं नाही.

मग संत्री उतरली, गाड्या भरून अमरावतीला गेल्या, आणि बागेचं पाणी तोडलं.

पहिले काही दिवस काही जाणवलं नाही. मग पानांवरची तुकतुकी गेली. मोठी आई विहिरीवर धुणं धुवायला जायची तेव्हा कमरेवर हात ठेवून बागेकडे बघत उभी राहायची. "पाय व सालोमी, कसे तोंडं वासून उभे आहेत," असं एकदा म्हणाली. मी म्हटलं, मोठ्या आई, दरवर्षीचंच आहे ना हे? तर म्हणाली, "दरसालचं आहे. पन यंदा मले पाहवत नाई."

विहिरीच्या अंगाला वांग्या-मेथीचा छोटा मळा होता. त्याला पाणी चालू असायचं. पाट बागेच्या पहिल्या ओळीच्या कडेनं जायचा. दुपारी जेवण झालं, मोठेबाबांचा डोळा लागला, की मोठी आई लुगडं खोचून निघायची. पाटाचा बांध पायानं फोडायची आणि पाणी त्या ओळीच्या आळ्यांत सोडायची. मी बरोबर गेले तर म्हणायची, "तू काई पायलं नाई." पाणी मुळांशी शिरताना मातीचा जो आवाज होतो ना, तो ऐकत ती उकिडवी बसून राहायची. तिच्या चेहऱ्यावर तेवढ्यापुरती शांतता असायची. पोटभर दूध प्यालेल्या लेकराच्या आईच्या चेहऱ्यावर असते तशी.

ही चोरी लपणारी नव्हती. सगळी बाग कोमेजलेली आणि एक ओळ हिरवीगार. शेजारच्या बागेचे पुंडलिकराव माळी बांधावरून ओरडून म्हणाले, "अवो वडीलबुवा, सारी बाग उपाशी, अन् हे एक ओळ काहून फराळ करून राह्यली?" मोठेबाबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. फोडलेला बांध त्यांनी पाहिला, त्यावर उमटलेली लहानशी टाच पाहिली. जरा वेळ उभे राहिले आणि घरी आले. वाटलं होतं, आता घरात वादळ उठणार. पण जेवताना त्यांनी फक्त मिठाची वाटी मागितली.

नाताळाच्या आधीचा रविवार आला. देवळाला आंब्याची पानं लावली होती, रंगीत कागदाच्या पताका लावल्या होत्या. आमच्याकडे त्या रविवारी आशेवर बोलायची रीत आहे. मोठेबाबा उभे राहिले आणि बागेबद्दल बोलले. झाडाला ताण का देतात, किती दिवस देतात, झाडाला वाटतं धन्यानं आपल्याला टाकलं, पण धन्याच्या मनात बहार असतो. तसंच देवाचं. तो आपल्याला तहानलेलं ठेवतो ते फुलवण्यासाठी. फार सुंदर बोलले. लोकांना ते भाषण इतकं आवडलं, की बाहेर पडताना जो तो त्यांचा हात हातात घेत होता. मलाही आवडलं, हे मी लपवत नाही. मी तर डोळे पुसले.

परतताना दमणीत मोठी आई माझ्या शेजारी बसली होती, मोठेबाबा पुढं बैलांपाशी. वाटेवर दोन्हीकडं वेचणीचा कापूस.  मग त्यांच्या पाठीकडे बघत म्हणाली, "मंग माह्या रूथीले ताण देल्ला होता का देवानं?"

बैल चालत होते. मोठेबाबांनी मागं वळून पाहिलं नाही.

"सांगा नं. तुमाले तं सारं समजते. ताण देल्ला, मंग बहार कोठी आहे? कोनाच्या घरी आला थो बहार? मले दाखवा."

मोठेबाबा म्हणाले, "रूथची माय, तसं नाई म्हनलं म्या."

"तसंच म्हनलं तुमी. इतक्या लोकात म्हनलं." तिचा आवाज चढलेला नव्हता, तिनं दोन्ही हात मांडीत धरून ठेवले होते. "झाडाचा धनी झाडाले मरू देत नाई. मरून राह्यलं असंन तं पानी सोडते. तुमी सोडलं नाई अन् त्यानंई सोडलं नाई."

त्यानंतर मोठी आई देवळात गेली नाही. नाताळातही नाही. करंज्या तिनं केल्या, शेजारीपाजारी वाटल्या, पोराटोरांना नव्या कपड्यांत पाहून कानशिलांवर बोटं मोडली. पण घंटा झाली की ती मळ्यात निघून जायची. संध्याकाळच्या प्रार्थनेला बसणंही तिनं सोडलं. मोठेबाबा वाचत, मी ऐके, आणि स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येई. प्रार्थना करताना त्यांचा खोल आवाज मधेच थांबायचा, पुढचे शब्द सापडत नसल्यासारखा. दोघं एकमेकांशी वाईट वागत नव्हते. ती त्यांच्या आंघोळीचं पाणी काढायची, ते तिच्यासाठी बाजारातून विड्याची पानं आणायचे. पण ज्या घरात सगळं सुखदुःख देवासमोर एकत्र मांडायची सवय, तिथं दोन माणसं आपापलं दुःख वेगवेगळ्या खोलीत घेऊन बसली होती. मला भीती वाटायची, की हे असंच राहील. दोघं म्हातारी होतील, एकमेकांची सेवा करतील आणि पुन्हा कधी शेजारी बसून आमेन म्हणणार नाहीत.

माघात पाणी सोडलं. बाग फुलली. सकाळी दार उघडलं की वास घरात यायचा, आणि मला त्या वासाचा राग यायचा. पहिली ओळ मात्र फुलली नाही. तिला नुसती कोवळी पानं फुटली. त्या वर्षी तिथं फळ धरणार नव्हतं. मोठ्या आईला त्याची यत्किंचितही खंत नव्हती. ऊन तापायला लागलं तेव्हा त्या ओळीची सावली सगळ्यांत गर्द होती. ती दुपारी मेथी निवडायला तिथंच बसायची. पाटाचा तो बांध फुटका तसाच होता. मोठेबाबा रोज त्यावरून ये-जा करत, पण बुजवत नसत. हे माझ्या लक्षात आलं होतं. तिच्या आलं होतं की नाही, कोण जाणे.

मला आता वाटतं, त्या दिवसांत आमच्या घरात सगळ्यांत जास्त विश्वास जर कुणाचा असेल तर तो मोठ्या आईचा होता. ती देवाशी बोलत नव्हती, पण रागावलेली होती. आणि जो नाहीच, त्याच्यावर कोण रागावतं? आम्ही बाकीचे भजनं म्हणत होतो, ती भांडत होती. भांडण म्हणजे तरी काय, समोरचा ऐकतो आहे याची खात्रीच. आशेचंही तसंच. उद्या सगळं बरं होईल, ही आशा नव्हे. ते उद्या कधी कधी येतच नाही. जे गेलं ते खरोखर गेलं, ते मोलाचं होतं, हे खोटं न करता जगत राहायचं, पुन्हा कुणा तहानलेल्याच्या मुळाशी पाणी सोडायचं, आणि देवाघरी हे सगळं वाया जात नाही असं धरून चालायचं. एवढीच आशा मला करता येते. शाळेत मुली विचारायच्या, बाई, पुनरुत्थान म्हणजे काय? पुस्तकातलं उत्तर मी सांगायची. सांगताना डोळ्यांपुढं मात्र लुगडं खोचून पाटावर उकिडवी बसलेली एक गोल बाई असायची.

ईस्टरआधीचा उपासकाळ संपत आला. उन्हं चटके देऊ लागली. उत्तम शुक्रवारी, म्हणजे येशूच्या मरणाच्या दिवशी, आमच्या मंडळीत त्याच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात माणसं बोलतात. दुपारी बारापासून तिनापर्यंत ती उपासना चालते, आणि ती संपेपर्यंत मोठी माणसं अन्नच काय, पाणीही घेत नाहीत. कोणता उद्गार कुणी घ्यायचा ते पाळक ठरवतात. त्यांना आमच्या घरातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी पाचवा मोठेबाबांना दिला. पाचवा म्हणजे तहानेचा, "मला तहान लागली आहे" हा.

मी म्हटलं, "मोठेबाबा, बदलून घ्या. मी सांगू का पाळकसाहेबांना?"

ते म्हणाले, "नाई. आला माह्या वाट्याले तं आला."

त्या सकाळी मी निघायची तयारी करत होते, तर मोठी आई पेटीतून पांढरं लुगडं काढताना दिसली.  तिनंच सांगितलं, "मी बी येतो. त्या दिसी येशूची माय तिथं उभी होती नं. तिच्यासाठी येतो. बाकी कोनासाठी नाई."

आमचं देऊळ म्हणजे कौलांची एक लांबट खोली. उजवीकडच्या सतरंजीवर पुरुष, डावीकडच्या सतरंजीवर बायका, मधून वाट. बाहेर पडवीत पाण्यानं भरलेला रांजण, उपास सुटल्यावर पिण्यासाठी. मोठी आई माझ्याजवळ भिंतीला टेकून बसली. पहिले चौघे बोलले. कौलांतून ऊन झिरपत होतं, पोरं पेंगत होती, सगळ्यांचे ओठ सुकले होते. मग मोठेबाबा उठले.

ते उभे राहिले आणि नुसतेच उभे राहिले. लोक वाट बघत होते; आता बागेसारखं काहीतरी सुंदर ऐकायला मिळणार म्हणून सावरून बसले होते.

"नाताळाच्या आंदी मी इथंच बोललो होतो," मोठेबाबा म्हणाले. "झाडाले ताण देल्ल्याबिगर बहार येत नाई, तसंच माणसाचं, म्हनून. थे झाडाचं खरं आहे. झाडाचं मले समजते. माह्या पोरीचं मले काई समजलं नाई."

त्यांनी बायकांच्या सतरंजीकडे पाहिलं.

"तिनं पानी मांगलं, म्या देल्लं नाई. तिची माय देत होती, तिचा हात म्या धरला. लोकं म्हनत होते, अन् म्या ऐकलं. त्याच्यातून देवाले काय करायचं होतं, मले ठाऊक नाई. इथं उभं राहून म्या थे सांगतलं, थे मले ठाऊक नसून सांगतलं." त्यांचा खोल आवाज फाटला. "येशूले तहान लागली. त्या टायमाले कोनी त्याले ताणाचा अर्थ सांगाले आलं असतं, तं थे त्याच्या काय कामाचं होतं? तहानेल्या माणसाले पानी लागते. माह्या पोरीले पानी लागत होतं. यावर मले दुसरं काई बोलता येत नाई."

त्यांनी खाली बसायला हवं होतं. पण बसावं कसं हे विसरल्यासारखे ते उभेच राहिले, दोन्ही हात बाजूला लोंबकळत.

माझ्या शेजारी मोठी आई उठली. बायकांच्या मांड्या-पावलांतून वाट काढत ती दाराकडे निघाली आणि बाहेर गेली.  वाटलं, संपलं. इतकं उघडं करूनही संपलं. मोठेबाबांनी दाराकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पाळकांनी पुस्तकाचं पान उलटलं, पुन्हा होतं तसं केलं.

बाहेर रांजणावरचं झाकण वाजलं.

मोठी आई आत आली. तिच्या हातात पितळेचा गडवा होता, काठोकाठ भरलेला. मधली वाट ओलांडून ती सरळ पुरुषांच्या बाजूला गेली, मोठेबाबांच्या पुढ्यात उभी राहिली आणि गडवा वर धरला. ती त्यांच्या खांद्याएवढीच. तिला हात पुष्कळ उंच करावा लागला.

"घ्या," ती म्हणाली.

"उपास आहे," ते हळूच म्हणाले.

"मले माहीत आहे. घ्या."

त्यांनी तिच्या हातासकट गडवा धरला आणि ते प्याले. सगळ्या मंडळीदेखत, घटाघटा, दाढीवरून सदऱ्यावर पाणी सांडत प्याले. उरलेलं पाणी तिनं पिऊन टाकलं. मग त्यांच्या कोपराला धरून तिनं त्यांना खाली बसवलं आणि स्वतः तिथंच, पुरुषांच्या सतरंजीवर, त्यांच्या शेजारी बसली.

पाळकांनी घसा साफ केला आणि सहाव्या उद्गाराचं वाचन सुरू केलं. त्या ओळीतल्या पुरुषांनी जरा सरकून मोठ्या आईला नीट मांडी घालण्यापुरती जागा करून दिली.